कलिंगडासारखा रिपोर्ट

प्रोजेक्ट मॅनेजर झाल्यावर सुरुवातीचे काही महिने मी दर शुक्रवारी चार पानी स्टेटस रिपोर्ट पाठवायचे. सगळ्यांना एकच. उलट उत्तर कोणाचंच यायचं नाही, म्हणून मला वाटायचं सगळं आलबेल आहे.

मग जुन्या सिस्टीममधला डेटा नव्या सिस्टीममध्ये नेताना ग्राहकांच्या नोंदी दुहेरी निघाल्या. साफसफाईला दोन आठवडे जास्त लागणार होते. तिसऱ्या पानावर मी लिहिलं, 'डेटा मायग्रेशनमध्ये किरकोळ विलंब संभवतो', आणि वरचा स्थितीचा रंग हिरवाच (हिरवा म्हणजे सगळं ठीक, लाल म्हणजे अडचण) ठेवला. विक्री विभागाच्या प्रमुखांनी तोवर ग्राहकांना तारीख देऊन टाकली होती. मीटिंगमध्ये त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?" नऊ दिवसांपासून. 'रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की' हे ओठांवर आलं होतं, पण गिळलं.

असल्या रिपोर्टला आमच्यात कलिंगड म्हणतात. बाहेरून हिरवं, आत लाल.

आता तसलीच बातमी मी अशी लिहिते: 'गो-लाइव्ह (नवी सिस्टीम सुरू होणं) 14 ऐवजी 28 तारखेला जाईल. कारण, दुहेरी नोंदी. 14 लाच हवं असेल तर बंद खात्यांचा डेटा दुसऱ्या टप्प्यात घ्यावा लागेल. तुमचा निर्णय बुधवारपर्यंत हवा आहे.' मेलच्या आधी फोन करते. दहा जणांसमोर पहिल्यांदा वाईट बातमी कळली की माणूस आधी स्वतःची बाजू सावरतो, प्रोजेक्टचं नंतर बघतो. आणि फोनवर जे ठरलं ते त्याच दिवशी मेलवर टाकायचं. आठवड्याभराने प्रत्येकाला वेगळंच आठवतं.

सगळ्यांनी सगळ्यांशी बोलत राहायचं म्हटलं तर पाच जणांत 10 जोड्या होतात, दहा जणांत 45. त्यामुळे कोणाला काय सांगायचं हे आधीच ठरलेलं बरं. त्यासाठी सुरुवातीलाच मी प्रत्येकाला एकट्याने गाठून विचारते, "हे वेळेत झालं नाही तर तुमचं काय अडेल?" फायनान्सवाले महिनाअखेरची बिलं सांगतात, सपोर्टवाले वाढणारे फोन. ज्याचं जे अडणार, ती त्याच्या मेलची पहिली ओळ. रासी (RACI) तक्ताही भरा, म्हणजे कोणतं काम कोण करणार, अंतिम जबाबदार कोण, कोणाला विचारायचं आणि कोणाला कळवायचं याचा तक्ता, पण अंतिम जबाबदारीच्या रकान्यात एकच नाव हवं. 'सगळे मिळून ठरवू' म्हणजे कोणीच ठरवणार नाही.

पुढच्या टप्प्यातही तारीख सरकली. विक्रीप्रमुखांना दुपारी फोन केला, मग मेल टाकला. दहा मिनिटांत उत्तर आलं: 'दुसरा पर्याय चालेल.'