भंगारातून हलतं कारंजं

स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात जुन्या नाट्यगृहाच्या जागी शिल्पकार जाँ टिंगेलीने १९७७ साली उथळ हौदात दहा लोखंडी यंत्रं उभी केली. त्यासाठी जुन्या रंगमंचाचेच सुटे भाग वापरले. त्यातलं एक चाळणीने पाणी भरत राहतं, आणि माणसं थबकून तेच बघतात. रविवार कारंजाच्या नाशकात अंगणापुरती तशी चाळण सहज जमते.

चार फूट रुंद हौद, त्यात सहा इंच पाणी. गाडीची जुनी बारा व्होल्टची वायपर मोटर भंगारात मिळते, पण ती या कामाला फार वेगाने फिरते आणि पाणी हौदाबाहेर उडतं. स्पीड कंट्रोलर लावून मिनिटाला वीस फेऱ्यांवर आणा.

खरी गोम क्रँकमध्ये, म्हणजे मोटरबरोबर गोल फिरणाऱ्या छोट्या दांड्यात आहे. मोटरवरचा क्रँक दोन इंची, जोडदांडा किमान आठ इंची. हा जोडदांडा तरफेला, म्हणजे चाळण धरून टेकूवर झुलणाऱ्या दांड्याला, टेकूपासून पाच इंचांवर जोडा. चाळण वीस इंचांवर येऊ द्या, म्हणजे ती सोळा इंच वर-खाली होते. क्रँक त्या पाच इंचांपेक्षा मोठा झाला तर तरफ अडते आणि मोटर जळते. टेकूला ६२०२ नंबरचं, दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं बेअरिंग घ्या. तरफेच्या दुसऱ्या टोकाला वजन बांधा: चाळण अधिक तिच्यातलं निम्मं पाणी तोलेल इतकं.

चाळणीची भोकं तीन मिलिमीटरची. पिठाच्या चाळणीतून धारा पडत नाहीत, मोठ्या भोकांची वर पोचेपर्यंत रिकामी होते. तांबट आळीतून तांब्याची करून घेतलीत तर फारच देखणी दिसते, पण ओलं तांबं लोखंडाला टेकलं की लोखंड झपाट्याने गंजतं. मधे रबरी वॉशर आणि नायलॉनचा बोल्ट हवाच.

विजेत तडजोड नको. पॉवर सप्लाय घरात, त्यामागे तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच. हौदापर्यंत फक्त बारा व्होल्टची वायर. वेगळी धार हवी असेल तर पंपही बारा व्होल्टचाच, कारण कूलरचा पंप थेट २३० व्होल्टवर चालतो.

बोअरच्या जड पाण्याने भोकांत पांढरे थर बसतात. पंधरा दिवसांनी चाळण काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. दर आठवड्याला हौद रिकामा करून कडा घासा, डेंग्यूच्या डासांची अंडी तिथेच चिकटतात.

बाझेलला हिवाळ्यात या यंत्रांवर बर्फाचे झुंबर लटकतात. आपल्याकडे गाठ उन्हाळ्याशी: पाणी आटलं की चाळण हवेतच फिरते. हौदाच्या आत सहा इंचांवर रंगाची रेघ मारून ठेवा आणि एप्रिल-मेमध्ये रोज सकाळी तिथपर्यंत भरा.