विंडोजमध्ये ओव्हरराइट झालेला सिस्टम पाथ परत कसा मिळवावा

जावा किंवा पायथनचा फोल्डर जोडताना सिस्टम व्हेरिएबल्समधील (विंडोज आणि प्रोग्राम वापरतात त्या नावानिशी साठवलेल्या सेटिंग्जमधील) पाथची, म्हणजे कमांडचे प्रोग्राम कोणत्या फोल्डरांत शोधायचे त्या यादीची, जुनी व्हॅल्यू पुसली गेली आणि नव्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंगसारखी साधी कमांडही सापडेनाशी झाली, तर संगणक रीस्टार्ट करू नये, साइन आउट करू नये आणि उघडी असलेली कोणतीही विंडो बंद करू नये. प्रत्येक प्रोग्राम सुरू होताना व्हेरिएबल्सची स्वतःची प्रत घेतो आणि फाइल एक्सप्लोररसारखे थोडे अपवाद सोडले तर शेवटपर्यंत तीच वापरतो. त्यामुळे रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातून, गेलेला जुना पाथ मेमरीत अजून शाबूत असण्याची चांगली शक्यता असते.

बदलाच्या आधीपासून उघडी असलेली कमांड प्रॉम्प्टची विंडो असेल, तर तिच्यात नुसते पाथ असे इंग्रजीत टाइप करून एंटर दाबावे आणि समोर येणारा मजकूर नोटपॅडमध्ये उतरवून घ्यावा. अशी विंडो नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातील प्रोसेस एक्सप्लोरर हे मोफत साधन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावे, आधीपासून चालू असलेल्या एखाद्या प्रोग्रामच्या प्रॉपर्टीज उघडाव्यात आणि एन्व्हायर्नमेंट या टॅबमध्ये पाथ पाहावा. माझ्या मते यासाठी विंडोजच्या स्वतःच्या सिस्टम खात्याखाली चालणारी एखादी सेवा (पडद्यामागे चालणारा प्रोग्राम) निवडणे अधिक सोयीचे, कारण इतर प्रोग्राममध्ये सिस्टमच्या पाथला तुमच्या खात्याचा पाथ शेवटी जोडलेला दिसतो आणि तो हाताने वेगळा करावा लागतो. सेवेच्या बाबतीत ही सरमिसळ नसते.

मिळालेल्या नोंदी अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्जमधील एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सच्या खिडकीतूनच परत भराव्यात. व्हेरिएबलची व्हॅल्यू बदलणारी सेटएक्स कमांड येथे टाळावी, कारण ती १०२४ अक्षरांपलीकडचा मजकूर कापून टाकते, आणि पुष्कळदा पाथ बिघडण्याचे मूळ कारणही हीच कमांड असते.

संगणक आधीच रीस्टार्ट झाला असेल तर मार्ग कमी उरतात. सिस्टम प्रोटेक्शन चालू असेल आणि बदलापूर्वीचा रीस्टोर पॉइंट (विंडोजने जपून ठेवलेली सिस्टमची जुनी स्थिती) उपलब्ध असेल, तर सिस्टम रीस्टोर करता येते. त्यात वैयक्तिक फाइल्स राहतात, पण त्या तारखेनंतर बसवलेले प्रोग्राम आणि ड्रायव्हर जातात, याचा विचार आधी करावा. रजिस्ट्रीच्या जुन्या प्रती ठेवणाऱ्या रेगबॅक फोल्डरवर विसंबू नये, कारण विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून तो आपोआप भरला जात नाही.

यांपैकी काहीच साधले नाही, तर पाथ नव्याने उभा करावा लागतो. विंडोज १० आणि ११ मध्ये त्यासाठी पाच मूळ नोंदी पुरेशा ठरतात: सिस्टम३२, खुद्द विंडोज फोल्डर आणि सिस्टम३२ च्या आतील डब्ल्यूबेम, विंडोजपॉवरशेलमधील व्ही१.० व ओपनएसएसएच हे फोल्डर. एवढे भरले की विंडोजच्या स्वतःच्या कमांड चालू लागतात. उरलेल्या नोंदींसाठी प्रोग्राम फाइल्समधील फोल्डर एकेक करून तपासावेत. गिट, नोड यांसारख्या साधनांचे इन्स्टॉलर पुन्हा चालवले तर ते आपापली नोंद बहुधा स्वतःच जोडतात. शेवटी नवा कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंग चालते का ते पाहावे, आणि त्यानंतरच जुन्या विंडो बंद कराव्यात.