गाडीचा एसी गार करत नाही? गॅस भरायला जाण्याआधी हे घरीच करून बघा

मार्च संपत आला की एसीच्या तक्रारी सुरू होतात आणि बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळतं: ‘गॅस संपलाय, भरून घ्या.’ पैसे देऊन आपण बाहेर पडतो, पंधरा दिवस बरे जातात आणि मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून जात नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, समोरच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये तो उष्णता सोडून द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी त्याचा दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळताना तो केबिनमधली उष्णता ओढून घेतो. रबरी होज आणि सीलमधून वर्षानुवर्षं थोडासा झिरपतो तेवढाच. त्यापेक्षा कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर ती गळती कुणी शोधलेलीच नाही.

शिवाय कित्येकदा गॅसचा संबंधच नसतो. फिल्टर तुंबलेला असतो, पंखा बंद पडलेला असतो किंवा फ्यूज उडालेला असतो. ही कामं स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, मऊ ब्रश, साधा मल्टिमीटर आणि दांडीचा थर्मामीटर एवढ्यावर घरी होतात. गॅसच्या नळ्या मात्र उघडायच्या नाहीत. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी मोजा

‘गार वाटत नाही’ हे मोजमाप नव्हे. गाडी सावलीत, मोकळ्या जागी उभी करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. हवा आतल्या आत फिरण्याचं बटण दाबा, तापमान सर्वांत थंडावर, ब्लोअर मध्यम ठेवा. इंजिन १५०० आरपीएमच्या आसपास धरून दहा मिनिटांनी थर्मामीटरची दांडी मधल्या झरोक्यात घाला. बाहेर ३५ अंश असताना आतून ८ ते १२ अंशांची हवा येत असेल तर एसी ठणठणीत आहे. नागपूर-अकोल्याकडे ४५ अंशांच्या दुपारी हा आकडा वर जाणारच. कोकणातल्या दमट हवेतही जातो, कारण कॉइलची बरीच ताकद हवेतल्या वाफेचं पाणी करण्यात खर्च होते. २० अंशांच्या खाली हवा उतरतच नसेल तर बिघाड आहे असं धरून चाला.

आता एवढंच ठरवा: हवा कमी येतेय, की हवा भरपूर येऊनही गार नाही? इथून दोन वेगळे रस्ते फुटतात.

हवाच कमी येत असेल तर

बहुतेक गाड्यांत केबिन फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. बॉक्स रिकामा करा, दोन्ही बाजू आत दाबून तो खाली झुकवा, बाजूला दोरी किंवा दांडी अडकवलेली असेल तर ती सोडवा. मागे आडवं प्लास्टिकचं झाकण दिसेल. त्याच्या क्लिपा दाबल्या की फिल्टर हाताने ओढून निघतो. मास्क आणि हातमोजे घालूनच ओढा, कारण धूळ आणि पाल्यापाचोळ्याबरोबर उंदरांच्या लेंड्या निघणं आपल्याकडे नवलाचं नाही. गाडी बरेच दिवस उभी राहिली असेल तर तिथे चक्क घरटं सापडतं.

कागदी फिल्टर धुवायचा नसतो. झटकून परत बसवला तर थोडे दिवस काम भागतं, पण काळा पडलेला सरळ बदला. नव्या फिल्टरवर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो जुन्यासारखाच ठेवा. वर्षाला एकदा किंवा १०,००० ते १५,००० किलोमीटरला बदलणं हा साधारण नियम आहे. गाडी रोज कच्च्या रस्त्यावर किंवा बांधकामाच्या धुळीत जात असेल तर त्याच्याही आधी. काही जुन्या छोट्या गाड्यांत फिल्टरची खाच असते, पण फिल्टर बसवलेलाच नसतो. तिथे आवर्जून बसवा. फिल्टरशिवाय धूळ थेट ओल्या कॉइलवर चिकटते, तिचा चिखल होतो आणि तो काढायला बहुतेक गाड्यांचा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. दोन-चारशे रुपयांच्या फिल्टरसाठी ते संकट ओढवून घेऊ नये.

ब्लोअर १, २, ३ वर मुका आणि ४ वर एकदम जोरात चालत असेल तर मोटर ठीक आहे, वेगाचा रेझिस्टर जळालाय. तो बहुधा ब्लोअरजवळच दोन स्क्रूंवर बसलेला असतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, रेझिस्टर निवू द्या, मग जोडणी सोडवून बदला. जोडणीचं प्लास्टिक वितळलेलं दिसलं तर मोटर जास्त करंट खेचत असण्याची शक्यता आहे. ती न तपासता नुसता रेझिस्टर घातलात तर तोही जळेल. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलच्या गाड्यांत सहसा याऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं.

लांबच्या प्रवासात तासाभराने हवा हळूहळू कमी होत गेली आणि एसी दहा मिनिटं बंद ठेवल्यावर पुन्हा पूर्ववत आली, तर कॉइलवर बर्फ जमतोय. आधी फिल्टर बघा. तो स्वच्छ असेल तर कॉइलचा तापमान सेन्सर किंवा कमी झालेला गॅस यांपैकी एक कारण असू शकतं.

हवा येतेय पण गार नाही

बॉनेट उघडा आणि एकाला आत बसवून एसीचं बटण दाबायला सांगा. ओढणी, सैल बाह्या, गळ्यातली साखळी यांपैकी काहीही पट्ट्याजवळ नको, मुलांना दूर उभं करा. कॉम्प्रेसरची पुली इंजिनबरोबर सतत फिरतच असते, पण तिच्या पुढची चकती एसी लावल्यावरच ‘टक्’ आवाज करून पुलीला चिकटते आणि फिरू लागते. काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला असा क्लच नसतो. तिथे ही परीक्षा लागू नाही.

टक् झालंच नाही तर इंजिन बंद करून फ्यूज बॉक्सच्या झाकणावरच्या आकृतीत एसीचा फ्यूज शोधा. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. पुन्हा उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणं म्हणजे वायरिंगला आग लावण्याची सोय. नंतर एसीचा रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) काढून त्याच क्रमांकाचा दुसरा, उदाहरणार्थ हॉर्नचा, तिथे लावून बघा. एसी चालू झाला तर नवा रिले आणा, झालं काम.

फ्यूज-रिले ठीक असूनही चकती हलत नसेल तर बरेचदा गॅसच्या दाबावर नजर ठेवणारा प्रेशर स्विच तिला अडवत असतो. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस फार कमी झाला की तेलही पोचत नाही, म्हणून गाडी कॉम्प्रेसर चालूच होऊ देत नाही. हा स्विच वायरीने जोडून कॉम्प्रेसर जबरदस्तीने फिरवण्याचा जुगाड अनेक ठिकाणी सर्रास चालतो. तुम्ही तो करू नका. काहीशे रुपयांच्या गळतीचा खर्च कॉम्प्रेसरवर जातो.

चकती फिरतेय तरी गारवा नाही, असं असेल तर कंडेन्सर-रेडिएटरच्या पंख्याकडे वळा. हायवेला गार आणि सिग्नलला गरम, ही तक्रार ऐकली की मला आधी पंख्याचा आणि मग कचऱ्याने भरलेल्या कंडेन्सरचा संशय येतो, कारण गाडी धावताना वारा आपोआप मिळतो, थांबली की तो पंख्यानेच ओढायचा असतो. बहुतेक गाड्यांत एसी लावल्यावर थोड्याच वेळात पंखा फिरायला हवा. फिरत नसेल तर त्याचाही फ्यूज, रिले आणि जोडणी तपासा. जोडणीवर मल्टिमीटर १२ व्होल्टच्या आसपास दाखवतोय आणि पंखा तरी गप्प, म्हणजे मोटर गेली. हात घालण्याआधी इंजिन बंद करून किल्ली काढा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. गरम इंजिनचा पंखा किल्ली काढल्यावरही अचानक सुरू होऊ शकतो.

कंडेन्सर धुणं

घरच्या कामांत सगळ्यात दुर्लक्षित काम हे. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे, गाडीच्या तोंडाशी असतो. पावसाळ्यातल्या रात्रीच्या प्रवासातले किडे, गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीमागून उडणारं पाचट आणि बारा महिन्यांची धूळ सगळं त्याच्याच वाट्याला येतं. इंजिन पूर्ण थंड असताना बागेच्या पाइपाने, साध्या दाबाने वरून खाली पाणी सोडा. जमलं तर इंजिनच्या बाजूने बाहेर मारा, म्हणजे अडकलेला कचरा आलेल्या वाटेनेच निघेल. ब्रश फिरवायचा तो अॅल्युमिनियमच्या पत्र्या ज्या दिशेने आहेत त्याच दिशेने. सर्व्हिस सेंटरमधल्या जोरदार फवाऱ्याने त्या पत्र्या आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीतही टॉर्च मारून बघा, तिथे कचऱ्याचा थर बसतो.

किडे अडवायला ग्रिलवर मच्छरदाणीसारखी बारीक जाळी लावली असेल तर काढून टाका. ती किड्यांबरोबर हवाही अडवते. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी पत्र्यांवर पांढरी भुकटी दिसतेय का तेही पाहावं. तो खाऱ्या हवेने चढलेला गंज असतो आणि गळती बऱ्याचदा तिथूनच सुरू होते.

गळती कुठे आहे

गॅसबरोबर तेलही बाहेर येतं, म्हणून जोडांवर, कंडेन्सरच्या कोपऱ्यांवर आणि कॉम्प्रेसरच्या पुढच्या बाजूला धूळ धरलेला तेलकट डाग शोधा. इंजिन बंद ठेवून तिथे साबणाचं दाट पाणी लावा आणि बुडबुडे येतात का ते थांबून पाहा. बंद असतानाच का, तर एसी चालू असताना कमी दाबाच्या बाजूचा दाब उतरतो. बंद केल्यावर दोन्हीकडे सारखा होतो आणि ३० अंशांना तो १०० पीएसआयच्या जवळ असतो. गॅस भरायच्या व्हॉल्व्हची टोपणं काढून तिथेही पाणी लावा. मात्र आतली पिन दाबून ‘गॅस आहे का’ बघू नका. बऱ्याच गाड्यांत असणारा आर-१३४ए हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो. उडालेला थेंब कातडी गोठवतो आणि डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेततं.

गॅस तुम्ही का भरू नये

ऑनलाइन छोटे डबे आणि एकच नळी असलेला गेज मिळतो. माझ्या मते तो घेऊ नये. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार आणि वजन दिलेलं असतं, छोट्या गाड्यांत बऱ्याचदा ३५० ते ५०० ग्रॅम. गेज दाखवतो दाब, आणि दाब बाहेरच्या उन्हाप्रमाणे बदलतो. आत किती ग्रॅम आहेत ते त्यावरून कळत नाही. जास्त झालेला गॅस गारवा कमीच करतो, वर कॉम्प्रेसरवर ताण आणतो. शिवाय आर-१३४ए हवेत सोडला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट उष्णता धरतो. ४५० ग्रॅम उडाला म्हणजे जवळजवळ ६४० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. बऱ्याच नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ हा दुसरा गॅस असतो. तो किंचित ज्वलनशील आहे आणि जुन्याच्या जागी किंवा जुना त्याच्या जागी चालत नाही.

म्हणून गॅरेजला जा, पण विचारून घ्या. उरलेला गॅस मशीनने काढून घेणार का? गळती दाखवणार का? नळ्या उघडल्या तर ड्रायर, म्हणजे आतला ओलावा शोषणारा भाग, बदलणार का? किमान अर्धा तास व्हॅक्यूम लावून, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल ओढून घेऊन, तो टिकतोय का हे पाहून, मग काट्यावर वजन करून गॅस भरणार का? आणि सिलिंडरवर नाव काय आहे? एलपीजी मिसळलेला स्वस्त गॅस थंडावा देतो, पण कॉइल फुटली तर तो थेट केबिनमध्ये येतो. व्हॅक्यूमची गरज नाही म्हणणाऱ्याकडे गाडी ठेवू नका.

इलेक्ट्रिक आणि काही हायब्रिड गाड्यांचा कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो. तिथे फिल्टर बदला, कंडेन्सर धुवा. नारिंगी वायरींना मात्र हात लावू नका.

पाणी आणि वास

डाव्या बाजूच्या पायाखालची मॅट भिजत असेल तर कॉइलच्या पाण्याची निचरा-नळी तुंबलीय. गाडीखाली फायरवॉलजवळ, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याजवळ, तिचं रबरी टोक सापडतं. मऊ नळीने फुंकर मारा किंवा बोथट तार अलगद फिरवा. जोर लावला तर आतली कॉइल भोसकली जाईल. कुबट वास ओल्या कॉइलवरच्या बुरशीचा असतो. घरी पोचायच्या पाच मिनिटं आधी एसी बंद करून ब्लोअर नुसता चालू ठेवा, कॉइल सुकते. हिवाळ्यातही आठवड्याला दहा मिनिटं एसी चालवा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या सीलला तेल मिळत राहतं आणि ते कोरडं पडून गळत नाही.