मॅरेथॉनला हॅम रेडिओ ड्युटी करताय? मग हे बघा

पहिली गोष्ट, लायसन्स पाहिजेच आणि या कामाचे पैसे घ्यायचे नाहीत, हॅम म्हणजे हौशी लोकांचा वायरलेस, धंदा नाही. बाकी तयारी सोपी आहे, २ मीटर बँडचा (हॅमसाठीचा एक फ्रिक्वेन्सी पट्टा) ५ वॉटचा हँडसेट बहुतेक ठिकाणी पुरतो, पण त्याच्यासोबत येणारा बुटका रबरी अँटेना घरीच ठेवा आणि लांब व्हिप (काडीसारखा लवचिक अँटेना) लावा, फरक लगेच कळतो. एक बॅटरी जास्तीची घ्या. इयरफोन तर हवाच, फिनिश लाइनला डीजे सुरू झाला की स्पीकरवर काहीही ऐकू येत नाही.

आदल्या दिवशी रूटवर एक चक्कर मारून रिपीटर (आपला सिग्नल उचलून लांबवर पाठवणारं स्टेशन) कुठे पोचत नाही ते बघून ठेवा, तिथे सिम्प्लेक्स चॅनल (रिपीटरशिवाय थेट सेट टू सेट) आधीच ठरलेला बरा.

आता बोलायचं कसं. सगळं नेट कंट्रोलमार्फत (कोणी कधी बोलायचं ते ठरवणारा मुख्य ऑपरेटर) जातं, मध्येच घुसायचं नाही. पीटीटी (बोलायचं बटण) दाबल्यावर एक सेकंद थांबा, नाहीतर पहिला शब्द कापला जातो (नवीन लोक हमखास हेच करतात). समजा तुम्ही तीन नंबरच्या पाण्याच्या स्टॉलवर आहात: "कंट्रोल, पाणी तीन", "बोला पाणी तीन", "बिब चार-एक-सात, पाय मुरगळलाय, शुद्धीवर आहे, गाडी पाठवा", बस एवढंच, बिब म्हणजे रनरच्या छातीवरचा नंबर, तोच सांगायचा, रनरचं नाव एअरवर घ्यायचं नाही कारण कोणीही ऐकू शकतं. स्वतःचा कॉलसाइन (लायसन्ससोबत मिळालेलं रेडिओवरचं नाव) मात्र नियमाप्रमाणे द्यायचा, पाणी तीन म्हटलं म्हणून तो सुटत नाही.

आणि शेवटचा रनर गेला तरी कंट्रोलने सोडल्याशिवाय जागा सोडू नका.