विमान १५ चं असेल तर घर १४ लाच सोडा

जळगावहून पोराकडे न्यूयॉर्कला निघालात ना? पासपोर्ट-व्हिसाचं मी सांगत बसत नाही, ते कोणी विसरत नाही. विसरतात ती तारीख. आम्ही विसरलो.

तिकिटावर '१५, ०१:२०' होतं. हिने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर १५ ला लाल गोल केला. आम्ही १५ ला सकाळची गाडी धरून रात्री ऐटीत मुंबई विमानतळावर हजर. दारावरच्या जवानाने तिकीट पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, हे तर काल रात्रीच गेलं. चुरा होऊ नये म्हणून बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा डबा जळगावपासून मांडीवर धरलेला, तो तसाच हातात. गावाकडून आईचा फोन, "काय व्हयनं?" काय सांगणार! नवं तिकीट केवढ्याला पडलं ते विचारू नका.

तर रात्री बारानंतरचं विमान असेल तर गोल आदल्या दिवसाला करा. १४ ला. आता उलटं मोजा. सुटायच्या तासभर आधी काउंटर बंद होतो, म्हणून रात्री साडेनऊला विमानतळावर. जळगाव ते मुंबई रेल्वेने ४२० किलोमीटरच्या आसपास, सात-आठ तास धरा. पावसाळ्यात कसारा घाटाचा भरवसा नाही. कल्याण किंवा दादरला उतरून पुढे टॅक्सीचे दोन तास. म्हणजे सकाळचीच गाडी, आणि रिझर्व्हेशन १४ चं. पुन्हा सांगतो, १४.

तिकिटावर उतरायची वेळ त्याच सकाळची ७:३५ दिसेल. सहा तासांत अमेरिका, असं वाटून घेऊ नका. दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. मार्च ते नोव्हेंबर न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. खरा प्रवास पावणेसोळा तासांचा; सरळ अंतरच साडेबारा हजार किलोमीटरच्या घरात आहे. बीपी-शुगरच्या गोळ्या कोणत्या घड्याळाने घ्यायच्या ते डॉक्टरांना आधी विचारा, आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. पोराला मात्र उतरायची तारीख १५ च सांगा. घर सोडायची १४, उतरायची १५. कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा.

सामान: सुकं खोबरं नको, तेलामुळे पेट घेतं म्हणून काढून घेतात. केळी, आंबे, भरताची वांगी तिकडे उतरू देत नाहीत. लोणचं मोठ्या बॅगेत. बिबड्या चालतात, पण खाण्याच्या वस्तू आहेत म्हणून उतरल्यावर तिथल्या अधिकाऱ्याला सांगा. स्वेटर, मोजे वगैरे घ्याच.

येताना वारा पाठीमागून असतो, म्हणून चौदा तासांत येतं. तिकडून सकाळी साडेअकराला निघालं की इथे दुसऱ्या दिवशी अकराला. भाच्याला गाडी घेऊन बोलावलंत तर तारीख दुसऱ्या दिवसाची सांगा. आमचा बिचारा आदल्या दिवशीच येऊन बसला होता.