पत्र्याच्या घरात कॉम्प्युटरचा आवाज सुधारण्यासाठी

सॉफ्टवेअर डाउनलोड करण्याआधी एक काम करा. कॉम्प्युटरवर काहीही न वाजवता स्पीकर चालू करा, त्याचं बटण अर्ध्यावर न्या आणि कान द्या. घूंऽऽ असा जाड, एकसुरी आवाज येत असेल तर तो विजेचा आहे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 हेलकाव्यांची, म्हणून ही घरघर 50 वर आणि तिच्या पटीत, म्हणजे 100 आणि 150 वर बसते. ती वायरमधून किंवा स्पीकरच्या वीजजोडणीतून शिरते. इक्वलायझर, म्हणजे जाड-बारीक सूर वेगवेगळे कमीजास्त करणारं सॉफ्टवेअर, मात्र त्याच्या आधी, कॉम्प्युटरच्या आत काम करतो. त्यामुळे तो कितीही फिरवला तरी ही घरघर जात नाही, उलट भजनातला ढोलकाचा ठेकाच कापला जातो.

लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. घरघर थांबली, तर लॅपटॉप आणि स्पीकर यांना दोन वेगळ्या ठिकाणांहून अर्थिंग मिळतंय आणि दोघांमधल्या ऑडिओ वायरीतून त्याचा प्रवाह फिरतोय. दोन्ही पिना एकाच बोर्डात लावा. तरी गेली नाही तर 3.5 मिमी पिनची 'ग्राउंड लूप आयसोलेटर' नावाची छोटी डबी मिळते, ती स्पीकरच्या वायरीत मध्ये जोडा. चार्जरची तिसरी पिन तोडून घरघर घालवायचा उपाय कोणी सांगितला तर ऐकू नका. ती पिन माणसाचा जीव वाचवण्यासाठी आहे.

कित्येक जुन्या घरांत बोर्डाच्या तिसऱ्या भोकाला वायरच जोडलेली नसते. वायरमनकडून तेवढं तपासून घ्याच. अर्थिंग असेल, पण घरघर चैत्र-वैशाखातच वाढत असेल, तर अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला असण्याची शक्यता आहे. काळी माती वाळली की भेगाळते आणि अर्थिंगच्या पट्टीला सोडून देते. आठवड्यातून बादलीभर पाणी त्या खड्ड्यात गेलं पाहिजे.

लाइट गेल्यावर, फक्त इन्व्हर्टरवर असतानाच कर्कश गुणगुण येत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. त्याची वीज गोलाईदार न येता पायरी-पायरीने येते आणि 150, 250, 350 हर्ट्झ अशा विषम पटींचा कचरा सोबत आणते. अशा वेळी लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर ठेवा आणि त्याच्याच यूएसबीवर चालणारा छोटा स्पीकर लावा. डेस्कटॉपवाल्यांनी तेवढा वेळ हेडफोन लावलेला बरा.

फाइल आणि विंडोजच्या खुणा

वीज निवळली की फाइल तपासा. खंजिरी भजनासारखी दुसरी कसोटी नाही. खंजिरीच्या झांजांचा छनकार बहुतेक 5,000 हर्ट्झच्या वर राहतो आणि एमपी 3 करताना सगळ्यात आधी तोच मार खातो. छन्न असा सुटा आवाज न येता 'छ्श्श' असा ओला, फरफटलेला आवाज येत असेल, तर फाइल 64 किंवा 96 केबीपीएसची असणार. हा आकडा म्हणजे बिट रेट, एका सेकंदाच्या आवाजाला फाइलमध्ये दिलेली जागा. फाइलवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', मग 'डिटेल्स' इथे बिट रेट दिसतो. कमी बिट रेटची फाइल 320 केबीपीएसमध्ये बदलून काही परत येत नाही, नुसती जागा जाते. मूळ फाइल मागा, आणि व्हॉट्सॲपवर घ्यायची असेल तर पाठवणाऱ्याला ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. तशी पाठवली की ती दाबली जात नाही.

आता विंडोज. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, उघडलेल्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत एम एम एस वाय एस, टिंब, सी पी एल असं टाइप करून एंटर करा. आवाजाची जुनी खिडकी उघडते, विंडोज 10 आणि 11 दोन्हीत. 'कम्युनिकेशन्स' मध्ये 'डू नथिंग' निवडा, नाहीतर कॉल आला की गाण्याचा आवाज आपोआप खाली जातो. 'प्लेबॅक' मध्ये आपल्या स्पीकरवर दोनदा क्लिक करा, 'ॲडव्हान्स्ड' मध्ये 16 बिट 48000 हर्ट्झ किंवा 24 बिट 48000 हर्ट्झ ठेवा. 192000 वर नेऊन कानाला फरक पडत नाही. जुन्या कॉम्प्युटरवर आवाज तुटायला मात्र लागू शकतो.

आवाज मोठा केला की फाटतो, ही तक्रार बहुतेक वेळा एकावर एक लावलेल्या बटणांची असते. व्हीएलसी या प्लेअरमध्ये 100 टक्क्यांच्या वर जाता येतं, पण तिथे सिग्नलचे शेंडे छाटले जातात. एकदा छाटलेला शेंडा पुढे स्पीकर हळू केला तरी फाटकाच ऐकू येतो. व्हीएलसी 100 वर, विंडोज 80 ते 90 वर, आणि कमीजास्त करायचं ते स्पीकरच्या बटणाने करा.

ब्लूटूथ हेडफोनमध्ये गाणं छान वाजतं आणि ऑनलाइन क्लास सुरू होताच टेलिफोनसारखं होतं, याचं कारण वेगळं आहे. त्याच हेडफोनचा माइक चालू झाला की बहुतेक हेडफोन कॉलच्या हलक्या दर्जावर उतरतात. क्लासच्या ॲपमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा, कानातला आवाज लगेच मोकळा होतो.

इक्वलायझर बसवणं

विंडोजसाठी 'इक्वलायझर एपीओ' हे मोफत आणि भरवशाचं साधन आहे. ते एखाद्या प्लेअरमध्ये न बसता विंडोजच्या आवाजाच्या वाटेतच बसतं, म्हणून यूट्यूब, व्हीएलसी, क्लास सगळ्यांना लागू होतं. बसवताना शेवटी साउंड डिव्हाइसची यादी येते. तुम्ही ज्या स्पीकरवर ऐकता त्याच्यासमोरच टिक करा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. रीस्टार्ट विसरलात तर काहीच बदलत नाही आणि मग लोक सॉफ्टवेअरला नावं ठेवतात. त्यानंतर 'पीस' नावाचं दुसरं मोफत सॉफ्टवेअर बसवा. ते एपीओचाच चेहरा आहे, त्यात खालीवर सरकणारे दांडे मिळतात. क्रम उलटा करू नका.

दांडे वर ढकलायचा मोह होईल. तो आवरा, आधी जे नको ते खाली करा. 12 डेसिबल (आवाजाच्या पातळीचं माप) बास वाढवला की स्पीकरला ताकद देणाऱ्या ॲम्प्लिफायरकडून त्या भागात जवळपास 16 पट ताकद मागितली जाते. अडीच-तीन इंचाच्या स्पीकरचा पडदा 100 हर्ट्झच्या खाली मुळातच फार देऊ शकत नाही. तो नुसता थरथरतो आणि वरच्या आवाजालाही खराब करतो. म्हणून लहान स्पीकरला 80 ते 100 हर्ट्झच्या खालचं कापून टाकणारा 'हाय पास' फिल्टर लावा. बास कमी झाल्यासारखा वाटत नाही, आणि बोल सुटे होतात. सोबत वेगळा वूफर असेल तर हा फिल्टर नको, वूफरचं मागचं बटण आधी अर्ध्यावर आणा.

सगळ्यात वरचा, एकूण आवाज ठरवणारा 'प्रीॲम्प' दांडा विसरू नका. एखादा दांडा 4 डेसिबल वर नेला तर प्रीॲम्प उणे 4 ठेवा. ही जागा सोडली नाही की फाटणं पुन्हा सुरू.

खोली

वर पत्रा, खाली फरशी, चारही बाजूंना सिमेंटच्या भिंती, अशा खोलीत आवाज आदळून परत येतो आणि शब्दावर शब्द चढतो. स्पीकर कोनाड्यात किंवा खोलीच्या कोपऱ्यात ठेवला की जाड आवाज आणखी घुमतो. तो भिंतीपासून हातभर पुढे आणा, कानाच्या उंचीवर ठेवा, समोरच्या भिंतीवर दोरी बांधून एक जाड वाकळ टांगा. एवढ्याने जे मिळतं ते दहा दांडे फिरवूनही मिळत नाही, कारण घुमलेला आवाज इक्वलायझरला पुसता येत नाही. खोली ज्या सुराला जास्त फुगवते तो सूर तेवढा कमी करता येतो.

तो सूर शोधायचा असा. ओळखीच्या माणसाच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग लावा. आवाज कमी ठेवा, प्रीॲम्प उणे 10 करा. पीसमधल्या एका दांड्याची फ्रिक्वेन्सी 100 ठेवा, 'क्वालिटी' (आकडा मोठा तर दांड्याचा परिणाम अरुंद भागावर) 4 आणि उंची अधिक 8. आता फ्रिक्वेन्सीचा आकडा 120, 140, 160 असा 400 पर्यंत वाढवत न्या. एका ठिकाणी बोलणं माठात तोंड घालून बोलल्यासारखं होईल. तोच आकडा. तिथे उंची उणे 5 करा, क्वालिटी 2 वर आणा, प्रीॲम्प परत जागेवर. असे एक-दोन आकडेच असतात. पाच-सहा सापडत असतील तर कान थकलाय, उद्या बघा.

आता दिवाळीनंतर कापसाची वेचणी घरात येते तेव्हा काय होतं ते लक्षात घ्या. त्याच खोलीत भाव येईस्तोवर कापूस भरून ठेवला की खोली एकदम मुकी होते. कापसाचा ढीग मधले आणि वरचे सूर शोषून घेतो, पण जाड सूर त्यातून बऱ्यापैकी तसेच राहतात. उन्हाळ्यात बसवलेला इक्वलायझर पौषात त्यामुळेच कोंदट वाटतो. स्पीकर बिघडला नाही. पीसमध्ये दोन सेटिंग वेगळ्या नावांनी सेव्ह करून ठेवा, एक 'रिकामी खोली', एक 'कापूस'. दुसऱ्यात 250 हर्ट्झच्या आसपास आणखी 2-3 डेसिबल कमी आणि 4,000 च्या वर 2-3 डेसिबल जास्त, हा सुरुवातीचा अंदाज पुरतो. स्पीकर कापसाला टेकवून ठेवू नका. मागची हवा बंद होते आणि ॲम्प्लिफायर तापतो, आणि कापसाजवळ तापणारी वस्तू नकोच.

कूलरचं गणित निराळं आहे. एप्रिल-मे मध्ये कूलर बंद ठेवून ऐकणं शक्य नाही, आणि त्याच्या घोंगाटात हळू बोललेले शब्द बुडतात. आवाज वाढवावा तर जोरात बोललेलं कानावर आदळतं. इथे 'लाउडनेस इक्वलायझेशन' कामाचं आहे. ते हळू आवाज वर उचलतं आणि मोठा दाबून धरतं. मघाच्या खिडकीत स्पीकरच्या 'एन्हान्समेंट्स' मध्ये ते सापडतं, सगळ्या ड्रायव्हरमध्ये (विंडोज आणि साउंड कार्ड यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) नसतं. एपीओ बसवल्यावर ते चालेनासं झालं, तर एपीओची डिव्हाइसची यादी पुन्हा उघडून 'यूज ओरिजिनल एपीओ' वर टिक करा. जोडीला 3,000 हर्ट्झवर अधिक 3, क्वालिटी 1. बातम्या, शेतीचे व्हिडिओ, क्लास यांसाठी हे ठीक. भजन ऐकताना बंद करा, नाहीतर आलापाचा चढउतार सपाट होतो.

घरचं रेकॉर्डिंग साफ करताना

जुन्या भजनांच्या कॅसेट अनेक घरांत पडून आहेत आणि फिती दरवर्षी खराब होतात, म्हणून हे काम लांबवू नये. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून डेस्कटॉपच्या निळ्या भोकात लावा. गुलाबी भोक माइकचं, त्यात टेपचा सिग्नल फार मोठा पडतो आणि फाटतो. लॅपटॉपला एकच भोक असेल तर लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. स्वस्तातल्या बऱ्याच कार्डांना फक्त माइकचं भोक असतं, घेताना पाहून घ्या. मोफत 'ऑडॅसिटी' मध्ये रेकॉर्ड करा, सगळ्यात मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या आसपास राहू द्या.

मूळ रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्ही या न दाबलेल्या फाइलप्रकारात वेगळं सेव्ह करा, मग प्रतीवर हात चालवा. विजेची घरघर इथे फाइलमध्येच उतरलेली असते, म्हणून ती कापता येते. एकच सूर कापणाऱ्या 'नॉच फिल्टर' मध्ये आधीपासून 60 हर्ट्झ भरलेलं असतं. तो आकडा अमेरिकेच्या विजेचा. आपण 50 भरा, क्यू (म्हणजे मघाची क्वालिटी) 10 च्या पुढे ठेवा, मग तेच 100 आणि 150 ला करा.

फितीच्या सरसर आवाजासाठी भजन सुरू होण्याआधीची, नुसती सरसर असलेली एक-दोन सेकंदं निवडा, 'नॉइज रिडक्शन' उघडून 'गेट नॉइज प्रोफाइल' दाबा. मग सगळं निवडून पुन्हा तेच उघडा, 6 ते 9 डेसिबल भरा. लगेच 'ओके' करू नका. आधी 'रेसिड्यू' निवडून ऐका. त्यात जे काढून टाकलं जाणार तेवढंच ऐकू येतं. नुसती सरसर आली तर बरोबर, मग परत 'रिड्यूस' निवडून 'ओके' करा. खंजिरीच्या छनकाराची शेपटी किंवा गाणाऱ्याचा श्वास त्यात ऐकू आला तर 'सेन्सिटिव्हिटी' कमी करा आणि परत ऐका. थोडी सरसर राहिलेली परवडते. जास्त घासलेलं रेकॉर्डिंग पाण्याखालून आल्यासारखं बुडबुडतं, आणि ते दुरुस्त होत नाही.

शेवटी एक नेहमीची अडचण. विंडोजचं मोठं अपडेट किंवा आवाजाचा नवा ड्रायव्हर आला की इक्वलायझर एपीओ गपचूप बाजूला पडू शकतो. पीसचे दांडे हलतात, आवाज हलत नाही. आधी विंडोजमध्ये त्या स्पीकरचे 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद झाले आहेत का ते पाहा, बंद असतील तर एपीओ चालत नाही. ते ठीक असेल तर एपीओची डिव्हाइसची यादी उघडा, स्पीकरसमोरची टिक पुन्हा लावा, रीस्टार्ट करा. सेव्ह केलेली 'कापूस' आणि 'रिकामी खोली' ही सेटिंग तशीच सापडतील.