टोल्युइनच्या टाकीत माणूस उतरवण्याआधी

मागच्या उन्हाळ्यात आमच्या रंगाच्या कारखान्यात टोल्युइनची, म्हणजे रंग पातळ करायच्या द्रावकाची, टाकी साफ करायला काढली, तेव्हा गॅसमीटर मॅनहोलच्या तोंडाशी धरून मी परमिटवर, म्हणजे आत उतरायच्या परवानगीच्या कागदावर, सही केली. मीटर शून्य दाखवत होता. आत उतरलेल्या पोराची जीभ पाच मिनिटांत जड झाली, शिडीची पायरी त्याला सापडेना. अंगाला हार्नेसचे पट्टे बांधले होते म्हणून ओढून काढता आलं.

आदल्या दिवशी टाकी पूर्ण रिकामी करा. पाइपलाइन नुसत्या वॉल्व्हच्या भरवशावर सोडू नका, ब्लाइंड, म्हणजे पाइप बंद करणारी भरीव चकती, घाला, वॉल्व्ह गळतात. ढवळणीच्या मोटरला कुलूप, किल्ली उतरणाऱ्याच्या खिशात. शिडी, दोर, परमिट हे सांगायला नको.

आत हवा खेळवणारा ब्लोअर फ्लेमप्रूफच हवा, म्हणजे त्याच्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटणार नाही असा, त्याला अर्थिंग हवं. टोल्युइन ४ अंशांनाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, म्हणजे थंडीतही सुटका नाही. ब्लोअरचा पाइप तळापर्यंत सोडा. ही वाफ हवेपेक्षा तिप्पट जड, ती खाली बसून राहते.

आता मीटर. नळी तळापर्यंत सोडा. तोंडाशी, मध्यावर आणि तळाशी मोजा, आणि परमिटवर तळाचा आकडा लिहा. लांब नळीतून हवा वर यायला वेळ लागतो, तेवढं थांबा, घाई करू नका. आकडा कशाचा आहे तेही बघा. स्फोटाच्या मीटरवर ५ टक्के (पेट घ्यायला लागणाऱ्या किमान वाफेच्या ५ टक्के) दिसले की आगीपुरतं ठीक म्हणून लोक खूश होतात. ते साधारण ५५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५५० भाग) झाले, आणि ५०० पीपीएमलाच जिवाला तात्काळ धोका धरतात! पीपीएम दाखवणारा मीटर वेगळा असतो, तो मागवाच. नाकावर तर अजिबात विसंबू नका, थोड्या वेळात वास यायचाच बंद होतो. पुन्हा सांगतो, नळी तळाशी.

धुळीचा मास्क इथे निरुपयोगी. हवा गाळणाऱ्या कार्ट्रिजचाही नको, तो ऑक्सिजन देत नाही. बाहेरून हवा पुरवणारा एअरलाइन मास्कच हवा. नेहमीचे नायट्राइल रबराचे हातमोजे काही मिनिटांत पाझरतात, व्हायटॉन रबराचे घ्या. आदल्या रात्री प्यायलेल्याला उतरवू नका; दारू आणि टोल्युइन दोन्ही मेंदूलाच गुंगी आणतात. वर्षानुवर्षं ही वाफ घेतली की कानही जातात, गोंगाटात आणखी लवकर.

बाहेरचा माणूस जागचा हलणार नाही. आतला पडला तरी हा आत उडी घेणार नाही, दोर ओढेल आणि हाका मारेल. हे त्याच्याकडून आधी वदवून घ्या.

गाळ खरवडला की वाफ नव्याने सुटते, म्हणून काम चालू असतानाही मोजत राहा. जेवून परतलात, पुन्हा मोजा. तळाशी. चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यात, कपडे बदला, परमिट बंद करा.